सम फुलं, विषम फुलं

३ मे

कोंब आला! आला, आला! सकाळी हिवाळ्याचं फांद्यांचं पांघरूण बाजूला केलं आणि बघते तो काय – माझ्या लिलीचं हिरवं नाक मातीतून वर! मी नाचलेच. रबरी बूट चिखलात रुतला, पाय तेवढा बाहेर आला, मोजा भिजला – तरी नाचतेच आहे. चार वर्षं झाली त्या बीला. पांढऱ्या लिलीचे पराग ठिपकेवालीला माझ्या हाताने लावले होते, वर चांदीच्या कागदाची टोपी – मधमाशीने मध्ये लुडबुड नको करायला. दर हिवाळा बर्फाखाली काढते आणि उठते बिचारी. फूल मात्र अजून एकदाही नाही. यंदा रंग दाखव गं बाई!

कुंपणापलीकडून युर्गिस बघत होता. "मार्ग्रीता, बूट राहिला तुमचा." बास, एवढंच. कानापर्यंत लाल झाले मी. एकसष्टाव्या वर्षी!

११ मे

मेले लाल किडे आले! कंबर मोडेस्तोवर वेचले. बिरुता आली होती – बहीण धाकटी, जीभ थोरली. म्हणाली, "नवरा होता तेव्हा त्याच्याकडे इतकं बघितलं असतंस तर!" मी म्हटलं, त्याला कधी कळ्या आल्या नाहीत. हसून हसून दोघींच्या पोटात दुखलं. देव त्याचं भलं करो, तोही हसला असता.

९ जून

कळी!!! एकच. पण एक पुरे! १६ जुलैला रीगात लिलींचं प्रदर्शन आहे, तिथे नव्या रोपांच्या टेबलावर एक फूलही चालतं. दांडा मात्र गुडघ्याइतका हवा, पानांसकट. फोन करून नाव नोंदवलं. बोलताना माझा आवाज असा चिरकला की पलीकडच्या बाईने विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?" बरी? अहो, मी उडतेय!

२४ जून

यानीची, वर्षातल्या सगळ्यात लहान रात्रीची शेकोटी झाली. युर्गिससाठी ओकच्या पानांचा मुकुट मी विणला. माप चुकलं, नाकावर उतरला. पण त्याने काढला नाही. चीज खाताना एका हाताने वर धरून होता. अख्खा सण!

१ जुलै

युर्गिस फुलं न्यायला आला, रास्माच्या थडग्यासाठी. बायको जाऊन तीन वर्षं झाली त्याची. फार गोड होती रास्मा, माझ्याकडची काकडी न्यायची आणि लोणचं आणून द्यायची. त्याच्या अंगणात फक्त कोबी, म्हणून फुलं माझ्याकडची. मी नेहमीसारखी खिडकीतून ओरडले, "पानं ठेवा हो! दांडा मुळापासून कापलात तर कंद उपाशी मरेल!" त्याने मान हलवली. चार फुलं नेली. सम. मेलेल्या माणसाला सम, जित्याला विषम – हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि हाच शहाणा गेल्या वर्षी माझ्या नामदिवसाला – कॅलेंडरात माझं नाव असतं त्या दिवशी – चार फुलं घेऊन आला! भरल्या घरात! हाताला तीच सवय लागलेली. बिरुता किंचाळली, "अरे, हिला पुरायला आलास की काय?" सगळे खो खो हसले. तो पांढराफटक पडला, फुलं दाराशी ठेवली नि गेला. तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नाही. बागेत नाहीतर कुंपणावरून काय ते बोलणं.

तेरा तारखेला माझा नामदिवस. यंदा यावं त्याने. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीवर बसावं. लिहिलं एकदाचं! पण नामदिवसाला कुणाला बोलवायचं नसतं. आठवण ठेवून येईल तो पाहुणा. काय मेली रीत! मी नुसता केक भाजायचा आणि दाराकडे बघत बसायचं.

८ जुलै

गारा! मी छत्री घेऊन लिलीवर वाकले. ती कोरडी, मी चिंब. युर्गिस धावत आला, दुसरी छत्री माझ्यावर धरली – कुंपणाच्या त्याच्या बाजूने, हात लांब करून. शिंका येताहेत आणि मी गातेय.

१२ जुलै

उमलली! जर्दाळूचा रंग! घसा गडद, चेरीच्या मुरंब्यासारखा! असा रंग मी कुणाच्या बागेत पाहिलेला नाही. सकाळपासून स्टूल टाकून तिच्यापाशी बसलेय. जेवले नाही. चार दिवसांनी रीगा! आणि उद्या – उद्याचं नको लिहायला, दृष्ट लागेल.

१३ जुलै

सकाळपासून नामदिवसाचा केक, क्लिंगेरिस भाजला, केशर जरा जास्तच पडलं. दुपारी माणसं यायला लागली. सगळे आले. तो नाही. दार वाजलं की मी उठायची, बिरुता म्हणायची, "बस गं, वारा आहे." संध्याकाळी गाणी सुरू झाली. मी पण गात होते, पण लक्ष कुठलं!

आणि दारात युर्गिस. पांढरा शर्ट इस्त्रीचा, छातीवर तपकिरी परागांचे डाग, दोन्ही हातांची ओंजळ. ओंजळीत माझी लिली. नुसतं फूल. बोटभर देठ.

"एकच आहे," म्हणाला. "तीनदा मोजलं."

बिरुताचं तोंड उघडं ते उघडंच. पहिल्यांदाच, आवाज न येता!

"माझ्याकडे नुसता कोबी. म्हणून तुमच्यातलंच आणलं. रोज जिच्यापाशी बसता तीच. म्हटलं, हिचीच सगळ्यात आवड असणार. पान एकही तोडलं नाही हं. तुम्ही सांगता तसं."

चार वर्षं. रीगा. त्या गारा. सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि तो उंबऱ्याच्या आत उभा होता. आत!

मी सुपाच्या वाडग्यात पाणी घेतलं, फूल त्यात सोडलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं. त्याला माझी खुर्ची दिली. केकचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला. केशर जास्त झालंय म्हणाला, आणि तीन तुकडे खाल्ले.

सगळे गेल्यावर बिरुता खेकसली, "सांगितलं का नाहीस त्याला?" नामदिवसाला आलेल्या पाहुण्याला कुणी रडवतं का? मग भांडी घासताना मीच रडले. मध्येच हसू फुटलं. मग दोन्ही एकदम.

१४ जुलै

बिरुता ती बिरुताच – जाता जाता सांगून गेली त्याला! सकाळी खिडकी उघडते तो युर्गिस माझ्या बागेत, कालच्याच शर्टात, त्या मुंडकं छाटलेल्या दांड्यापुढे गुडघे टेकून बसलेला. कोबीच्या खताची बादली शेजारी. खांदे हलत होते.

"अहो, पानं आहेत ना!" मी ओरडले. "कंद जिवंत आहे! पुढल्या वर्षी फुलेल!"

त्याने वर पाहिलं. आज माझा नामदिवस नाही. आज बोलवायला बंदी नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले –

"युर्गिस, आत या! कॉफी टाकलीय! आणि उद्याही या!"