चिंगीला कोण बघणार?

मंगळवार, संध्याकाळ. लालबाग.

डोकं अजून तापलेलंच आहे. पुढच्या आठवड्यात माझं हृदयाचं ऑपरेशन. म्हणून आज मुलाला, विकासला, सरळ विचारलं, "मी परत आलो नाही तर चिंगीला कोण बघणार?"

मोबाईलमधून मान वर न करता म्हणतो, "बाबा, टेन्शन मत लो. नदीवर, आपल्या राजघाटावर सोडून देऊ. तिथे लोक खायला टाकतात."

राजघाटावर! एका डोळ्याने आंधळी, म्हातारी कुत्री. याची आई गेल्यापासून या घरात माझी सोबत तिनेच केली. तिला घाटावर सोडायचं? घर कोणाच्या नावावर, हे मात्र साहेबांनी दवाखान्यातच विचारून घेतलं होतं!

त्याच्यासमोरच नेपानगरला कमलवहिनींना फोन लावला. तिथल्या कागद मिलच्या क्वार्टरमध्ये आम्ही पूर्वी शेजारी होतो. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे राहील ती, भाऊ. पण ऐनवेळी नका आणू. या रविवारीच घेऊन या, तुम्ही सोबत असतानाच तिला माझी सवय होऊ द्या." आणि लगेच विचारलं, "ती खाते काय?"

खाते काय! माझ्या घरात हे कोणी विचारलं नव्हतं. वहिनी "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. "दूध-पोळी," एवढंच कसंबसं म्हणालो.