अडलेलं घर

आई, तुझ्या अन् आबांच्या पायावर डोकं ठेवतो. पुण्यात माझं बरं चाललंय.

जमिनीच्या धंद्यात शिरलोय. साहेब म्हणतात, "अडलेलं घर हुडक. अडलेला माणूस भाव करत न्हाई." म्हणून मी गावोगावच्या दहाव्याला जातो. पिंडाला कावळा शिवेस्तोवर भाऊबंद काय बोलतात, ते ऐकतो. वाटणीवरनं बिनसलेलं घर तिथंच कळतं.

आबांचा दम कमी झाला का? त्यांना दवाखान्यात नेलेलं गावात बोलू नकोस.

काल साहेबांनी आपल्या गुंजवणे गावाचं नाव काढलं. आपलं भाताचं खाचर त्यांच्या नजरेत भरलंय. त्यांची पांढरी गाडी आली, तर आबांना माजघरात निजव. चहासुद्धा टाकू नकोस.

गाडीतनं मी उतरलो, तरी न्हाईच म्हण.

तुझा,
गोरख