गिरणीमागनं मारलेली हाक

रहिमतपूर, ३ ऑगस्ट ७५
शालनवर नजर ठेवायची. पंधरा वर्सांची माझी पोरगी, गिरणीत दळण टाकता टाकता मधीच हात थांबतो अन् मागं वळून बघती. मागं कुणी न्हाई. विचारलं तर म्हणती, "पट्ट्याच्या आवाजात बाया बोलत्यात." काय बोलत्यात? "माझंच." म्हणलं, पीठ करपंल, बोलणं ऱ्हाऊ दे.

६ ऑगस्ट
मोटार बंद केली, पट्टा उतरवला. म्हणलं, ऐक आता. शा. म्हणाली, "गप झाल्यात. तू हायेस म्हणून." लबाडी. नववीत नापास झाल्यापासनं कामाचा कंटाळा. ह्यांना सांगितलं. पलटणीत वीस वर्सं काढली, घरातलं एक कळत न्हाई. म्हणाले, "पोरी वयात आल्या की व्हतं असं." तुमी कवा पोरगी व्हता?

११ ऑगस्ट
आता नावानं हाक येती म्हणं. दुपारची, मागच्या परड्याकडनं. नावानं म्हंजे पोरगंच असणार. दळणाला येणाऱ्या एकेकाचं तोंड निरखलं आज. सगळेच चोर दिसत्यात.

१४ ऑगस्ट
आज पकडायचंच ठरवलं. मोटार बंद व्हती. कोरेगावला जाते सांगून निघाले अन् मागनं वळून गिरणीच्या भिंतीआड बसले. तोंडाला पदर लावून घोगरी हाक मारली, "शालन." वाटलं, केस सारखे करत येईल.
आली ती अनवाणी, पीठभरल्या हातानं. भिंतीच्या पलीकडंच थांबली. "येत न्हाई मी. सोडा मला."
कुणावर जीव बसलेली पोरगी असं बोलत न्हाई.
सांजच्याला म्हणाली, "आई, आज मोटार बंद असून हाक आली. बाहेरनं, अगदी खरी." तवाच सांगायला पायजे व्हतं. भाकरी थापत बसले.

२० ऑगस्ट
माझ्या हातचं खात न्हाई. आधी मला घास खायला लावती, मग बघत बसती, मला काय हुतंय का. माझ्याच पोटची अन् माझ्यावर संशय.
माझ्या भावाचं, बापूचं, असंच सुरू झालतं. सोळाचा व्हता. हिरीतनं कुणी बोलतंय म्हणायचा, आमी हसायचो. आता वडूजला आईपाशी असतो, मला वळखत न्हाई. शा.चं तसं...

२ सप्टेंबर
सांगलीला डॉक्टर. तरणा हाय, प्रश्न लय. "घरात आधी कुणाला असं काही?" मी न्हाई म्हणलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. मग काय सांगू? उद्या पोरीला कोण करून घेईल?
शा.नं मोटार बंद असतानाची हाक सांगितली. डॉक्टरनं ती लिहून खाली रेघ मारली. माझ्या हाकेखाली.
म्हणाला, "या वयात बऱ्याच मुलांना असे भास होतात. पुष्कळांचे आपोआप जातात, काहींचे वाढत जातात. हिचं काय होईल ते आज सांगता येणार नाही. महिन्याने आणा. तोवर तिला रागावू नका, फसवू नका." फसवू नका हे माझ्याकडंच बघून का म्हणाला? ह्यांनी सांगितलं असंल? पर ह्यांना तरी कुठं ठावं.

५ सप्टेंबर
ह्यांना म्हणलं, पुढच्या खेपेला बापूचं सांगायचं. "तूच सांग," म्हणाले. सांगते.
मग शा.ला समोर बसवलं. म्हणलं, मोटार बंद असतानाची हाक मी मारली. तुझा संशय आला म्हणून. चुकलं माझं.
 तिनं विचारलं, "आधीच्या हाकाबी तूच मारल्यास?"
व्हय म्हणलं तर भ्याव जाईल तिचं, आज पोटभर जेवंल. उद्या परत हाक आली तर मलाच धरंल. न्हाई म्हणलं तर त्या बाया तिला खऱ्याच...
"बोल की आई," म्हणाली. "डॉक्टरला न्हाई सांगत मी."
हे लिहितीय तर अजून तिथंच बसलीय, माझ्याकडं बघत.