ताटाबरोबर वाढलेलं भेव

कुरुंदा,
९ नोव्हेंबर २००३

ती. नीलामावशीस,
सविनय जयभीम, वि. वि.

फोनच करणार होते, पण इथला एसटीडीवाला काचेला कान लावून बसतो. माझं बोलणं त्याच्या बायकोमार्फत बाजारात पोचायला तासही लागत नाही.

सातवा लागला म्हणून आईने मला माहेरी आणलं. शाळेतून रजा मिळाली. वस्तीची रीत तुला ठाऊक आहे: पोटुशी लेक आली की रोज एका घरचं ताट. पण इथे ताटाबरोबर प्रत्येक बाई आपलं बाळंतपणही वाढते. मिराबाईंच्या धपाट्यांसोबत तीन दिवसांच्या कळा ऐकल्या. शेजारच्या रुख्मिणीबाईंनी शेंगदाण्याचे लाडू दिले आणि टाके कुठे, किती, ते हाताने दाखवलं. साधं बाळंतपण कुणाचंच नाही. ज्यांचं साधं झालं, त्या ताट घेऊन येतच नसाव्यात.

मावशी, मला फार भीती वाटते. चारचौघींसारखी नव्हे. लग्नानंतर चार वर्षं या ना त्या निमित्ताने मी मूल टाळलं, ते याच भीतीने. आता घास उतरत नाही, झोप नाही. दवाखान्याच्या दोन तारखा चुकवल्या. गाडी चुकली असं घरी सांगितलं, पण खरं म्हणजे वसमतच्या स्टँडवरून मागे फिरले. प्रज्ञेशला यातलं काही माहीत नाही. वाटतं, वेळ आली की पळून जावं. पण पोटही बरोबर येणार.

आईला सांगितलं, तर ऐकून ऐकून भेव मोडेल म्हणून तिने रोज एकीऐवजी दोघी बोलावल्या. बाबांनी गाभण म्हशीकडे बोट केलं, म्हणाले, ती बघ कशी निवांत आहे. म्हशीकडे रुख्मिणीबाई जात नाहीत, हे मी बोलले नाही.

तू नर्स आहेस. यावर काही इलाज असतो का? हसलीस तरी चालेल, पण उत्तर लवकर दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पल्लवी


नांदेड,
१४ नोव्हेंबर २००३

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद, आणि पोटातल्याला वेगळा जयभीम.

म्हशीला हसले. बाकी पत्राला नाही.

वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आहे. भेदरलेल्या बायांना दटावून गप्प करणाऱ्या नर्सांत मीही होते, हे तुला ठाऊक असलेलं बरं. मग एकदा एक बाई टेबलावरून उतरून अनवाणी गेटपर्यंत गेली. तेव्हापासून मी दटावणं सोडलं. हे नाटक नव्हे, पोरी. दुखणं आहे आणि त्याला इलाज आहे.

तुझं नाव न घेता आमच्या डॉक्टरबाईंना आणि मनाच्या डॉक्टरांना सांगितलं. दोघांनीही एकच विचारलं, ती कधी येते. मनाचा डॉक्टर म्हटल्यावर ताईच्या डोळ्यांपुढे साखळदंड येतील. तिला सांग, तो चष्मा लावतो, बडीशेप खातो आणि लोकांचं ऐकून घेण्याचा पगार घेतो. तुमच्याकडे तेच काम एसटीडीवाला फुकट करतो.

प्रज्ञेशला आधी सांग. जावई आहे, पाहुणा नव्हे. मंगळवारी पहिल्या गाडीने ये. वसमतच्या स्टँडवर मी स्वतः उभी राहीन, मागे फिरायची सोय ठेवणार नाही.

आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
नीलामावशी


कुरुंदा,
१२ डिसेंबर २००३

ती. मावशीस,
सविनय जयभीम, वि. वि.

आपण तीनदा जाऊन आलो, त्याचा परिणाम कळवते. डॉक्टरांनी नेमकी कशाची भीती असं विचारलं, तेव्हा मलाच प्रथम कळलं: मी ओरडेन आणि कुणी येणार नाही, याची. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं की मला सांगितल्याशिवाय हात लावणार नाहीत आणि तू शेवटपर्यंत जवळ राहशील. कळा सोसवेनाशा झाल्या तर काय करता येतं, तेही समजावलं. तो कागद उशीखाली आहे. प्रज्ञेश माझ्याबरोबर श्वासाचा व्यायाम करतो आणि माझ्याआधी झोपतो.

मनाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत गोळीऐवजी पथ्य लिहिलं: भेटीस येणाऱ्यांनी बाळंतपणाची गोष्ट सांगू नये. आईने ती शिक्क्यासकट दाराला चिकटवली. शिक्का पाहून वस्ती गप्प झाली. रुख्मिणीबाई आता सुनेबद्दल बोलतात, त्यावर बंदी नाही.

भीती गेली असं म्हणणार नाही. पण परवाच्या तारखेला मी गेले, आणि दोन भाकरी खाऊन गेले. जानेवारीत हात मोकळा ठेव, फार दाबणार आहे.

तुझ्या जिवावर,
पल्लवी


कुरुंदा,
८ फेब्रुवारी २००४

चि. नीलास,
ताईचा आशीर्वाद आणि जयभीम.

साक्षरतेच्या वर्गातली अक्षरं हायेत, वाकडी दिसतील. पल्लवी आणि नात खुशाल. लेकरू रडते कमी, पेते जास्त. पल्लवी जेवून राहिली, झोपून राहिली. काल बाया आल्या. तिनं सांगितलं, लई भ्याले, लई दुखलं, मावशीनं हात सोडला न्हाई, पोरगी झाली. रुख्मिणी म्हनली, येवढंच? तिलाच लई वाईट वाटलं.

आता माझं ऐक. मी बाया काहून बोलावल्या? मला कोनी दुसरं शिकवलंच न्हाई. पल्लवीच्या येळेला मी खोलीत येकटी व्हते. दाई जेवाया गेली व्हती. मी हाका मारल्या. पल्लवीच्या पाठीवर दुसरं लेकरू न्हाई, त्याला लोक नशीब म्हनतात. नशीब न्हाई नीला. मी भ्याले. उपोसथाच्या व्रताचं निमित्त करून तुझ्या भाऊजींपासून लांब झोपत गेले. वस्तीला वाटलं, सोजराबाई लई धार्मिक.

सत्तावीस वर्षं झाली, अजून घाम सुटते. परवा भाऊजींना समदं सांगितलं. ते म्हशीला चारा टाकत व्हते. पेंढी खाली ठेवली आणि म्हनले, मला वाटलं मी तुला आवडत न्हाई.

मनाच्या डॉक्टरला इचार, आता लेकरू न व्हनाऱ्या बाईचं भेव तो ऐकते का. आणि नवरा संग आला तर चालते का. ते पेटीतून धुतलेला सदरा काढून बसलेत.

जीव लावत राहा.

तुझी,
ताई