बोट वर करण्याआधी

मुलुंड पूर्व,
मंगळवार, दुपार

प्रिय दिशा,

हॅट उचललीस आणि आतून हा कागद पडला ना? घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तू नेहमी सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचतेस, म्हणजे टॉसला अजून वेळ असणार. अंपायरच्या खोलीचं दार लावून घे आणि बस. आईंना हे काय सुचलं, फोन नाही का करायचा, असं म्हणशील. अगं बाई, मॅच चालू असताना अंपायर लोकांचे फोन काढून घेतात हे तूच सांगितलंस. आणि संध्याकाळी फोन परत मिळाला, तरी माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत, आई जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवते हं, असं म्हणून तू मोकळी होतेस. आज मला पुरतं बोलायचंय.

मी हे लिहितेय तेव्हा तू बँकेत आहेस, सर्वेश अंधेरीला कंपनीत. मी शेजारच्या राजेशला हाक मारून माळ्यावरून तुझी बॅग खाली घेतली आणि पुसून भरली. आजवर या बॅगेला तू कुणाला हात लावू दिला नाहीस. मॅचच्या आदल्या दिवशी चहा झाला की स्वतः भरायला बसायचीस: जास्तीची पँट, जास्तीचे मोजे, बुटांच्या नाड्या, चिकटपट्टी, उन्हाचं मलम. आणि या वेळी काय म्हणालीस? टाका हो आई काहीतरी, नाहीतरी ही शेवटचीच मॅच आहे. असं कसं बोललीस गं? नाशिकला तीन दिवस तुझं काम बघायला वरचे साहेब बसणार, त्यांचं मत चांगलं पडलं तर तू पॅनेलवर जाणार, मोठ्या मॅचेस मिळणार. इतकी वर्षं ज्याच्यासाठी राबलीस ते दारात आलं, आणि तू त्याला निरोप द्यायला निघालीस.

सुरुवात कुठून झाली आठवतंय? आपल्या सोसायटीची अंडरआर्म स्पर्धा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तुमच्या. ठरलेला अंपायर आलाच नाही, आणि सेक्रेटरी श्यामकांत माइकवरून ओरडत होते, कोणीतरी उभं राहा हो, नियम कळले की झालं. तू खुर्चीवरून उठलीस, ओढणी कमरेला बांधलीस आणि थोड्या वेळात स्वतःच्या नवऱ्यालाच रनआउट दिलंस. अख्खी बी विंग हसून लोळली. सर्वेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. घरी येऊन त्याने सुरमईलासुद्धा हात लावला नाही, म्हणजे बघ! तू मात्र शांतपणे म्हणालीस, आई, बॅट रेषेच्या बाहेर होती. मी गॅलरीतून सगळं बघितलं होतं. चांगली वीतभर बाहेर होती. पोटच्या पोराविरुद्ध साक्ष कशी देऊ म्हणून मी गप्प बसले, पण मधला मोठा तुकडा तुझ्या ताटात वाढला.

मग तू खरंच परीक्षेला बसलीस, पास झालीस, मैदानांवर जायला लागलीस. आणि आपल्या पॅसेजमध्ये रोज सकाळी जो तमाशा सुरू झाला, देवा रे देवा! लादीवरची लाल पट्टी म्हणजे क्रीझ. मी बॉलर. साठीला टेकलेली बाई, गाऊनवर ओढणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून धावत यायची आणि पट्टीपाशी पाय आपटायची. तू माझा पाय कुठे पडला ते बघायचीस, आणि लगेच मान वर करून, पलीकडच्या टोकाला सर्वेशने हातात काय धरलंय ते सांगायचीस. कधी वांगं, कधी शेवग्याची शेंग, कधी त्याचा न धुतलेला मोजा. आधी पाय नीट बघितलास की वांगं हुकायचं, वांगं दिसलं की पाय. पुढे पुढे असा हात बसला तुझा, की एका दमात सांगायचीस, आई, टाच पट्टीच्या पुढे, नो-बॉल, आणि सर्वेश, ते वांगं आतून किडलंय, भाजीत घालू नकोस. एकदा दूध घेऊन आलेल्या नितेशने मला अशी धावत अंगावर येताना बघितलं. पिशवी दारातच टाकून पळाला मेला. अजून माझ्या नजरेला नजर देत नाही.

लोकांना वाटतं, उन्हात उभं राहायचं आणि बोट वर करायचं, त्यात काय एवढं. बाईमाणूस म्हणून संधी मिळते, असंही बोलतात. त्यांना काय माहीत? दूध तापेपर्यंत ओट्यापाशी पाय न हलवता उभी राहायचीस, दिवसभर उभं राहायची सवय हवी म्हणून. कितीतरी मैदानांवर बायकांची सोय नाही, म्हणून पाणी केव्हा आणि किती प्यायचं तेही ठरवलेलं. ओव्हरचे चेंडू मोजायला मी तुला कोकणातले सहा चिंचोके दिले, तर तू बँकेत जातानाही ते एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत जायचीस, बोटांना सवय व्हावी म्हणून. आणि सगळ्यात मोठी सवय ती थांबायची. कोणी कितीही ओरडू दे, चेंडू मनात पुन्हा बघायचा, पुन्हा ऐकायचा, मग बोट. ती तर मलाही लागली. पाण्याच्या टाकीवरून मीटिंगमध्ये श्यामकांत मला वाकडं बोलले, तेव्हा एरवी मी तिथल्या तिथे तोंड सोडलं असतं. पण एक श्वास थांबले, आणि मग असं मोजून दिलं की माणूस खुर्चीत बसला तो उठलाच नाही. आधी मी नुसती भांडायचे, आता जिंकते.

आता बोरिवलीचं बोलू. मी विषय काढला की तू उठून जातेस, पण आज ऐकावंच लागेल. त्या दिवशी मी तुझा डबा घेऊन आले होते आणि स्कोअरर रतनकाकांच्या टेबलाशी सावलीला बसले होते. ऊन रणरणत होतं. बॅटिंगला तो गोराईचा फिलिप, उंच, काळासावळा. चेंडू त्याच्या पॅडवर लागला, सगळे एकदम ओरडले आणि तुझं बोट वर गेलं. तू थांबली नाहीस. मला तिथूनही कळलं, आज ही थांबली नाही. बिचाऱ्या फिलिपने बॅटकडे एकदा बघितलं आणि तो निघाला. आणि मग तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. चेंडू आधी बॅटला लागल्याचा आवाज तुझ्या कानात तेव्हा उमटला, म्हणजे तो आउट नव्हताच, हे तू घरी येऊन सांगितलंस. तू त्याला हाक मारून परत बोलावलंस आणि दोन्ही हात छातीवरून विरुद्ध खांद्यांवर ठेवलेस, थंडीत कुडकुडणारं पोर ठेवतं तसे. आधी दिलेला निर्णय मागे, अशी ती खूण.

मग काय, वाट लागली. बॉलर डोक्याला हात लावून बसला, कॅप्टन तणतणत आला, आणि त्यांचा तो कोच तंबूतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की बाईला उभं केलं की असंच होणार, धड एका शब्दावर राहणार नाही. शिरा पडो त्याच्या तोंडावर! डबा फेकून मारणार होते मी, पण आत तुझी आवडती कोलंबी होती. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत सर्वेशच्या ऑफिसात पोचला, लोकांनी खाली हसण्याची चित्रं टाकली. तू घरी आलीस, न जेवता बॅग माळ्यावर टाकलीस आणि म्हणालीस, बस झालं आई, आता बँकेतल्या प्रमोशनच्या मागे लागते. नाशिकचं बोलावणं आलं तेव्हाही, नावं आधीच ठरली असतील, नाही म्हटलं तर वाईट दिसेल म्हणून जाते, असं म्हणालीस.

सर्वेशवर रागावू नकोस. सोडून दे म्हणतो ते तुझे सुजलेले डोळे त्याला बघवत नाहीत म्हणून. तो क्रिकेट खेळलाय, पण हरल्यावर घरी येऊन झोपायचं एवढंच त्याला माहीत. मी मात्र तुला स्पष्ट सांगते, मला फार वाईट वाटलं. तुझे सासरे गेले तेव्हापासून मला सकाळ नकोशी झाली होती. दोघांचा चहा ठेवायची सवय, एकाचाच ठेवावा लागायचा. कशासाठी उठायचं ते कळायचं नाही. मग तू मला त्या पट्टीपाशी धावायला लावलंस, आणि मी उठायला लागले, हसायला लागले. बोरिवलीनंतर मी रोज वेळेवर उठते, पॅसेजमध्ये येते, आणि कोणीच नसतं. तू खोलीचं दार लावून आवरत असतेस. रडू येतं गं. आणि मग तुझा रागही येतो.

आता मी काय बघितलं ते ऐक. तू घाई केलीस, चुकलीस. झाली चूक, संपलं. पण ते बोट तसंच ठेवलं असतंस तर कुणाला कळणार होतं? फिलिप मुकाट निघालाच होता. बॉलर खूश, कॅप्टन खूश, तो कोच तुला टाळ्या वाजवत होता. सगळं मैदान तुझ्या बाजूने असताना तू एकटी उलटी फिरलीस, आणि एका अनोळखी पोराला त्याची बॅटिंग परत दिलीस. (पुढच्याच ओव्हरला तो दांडी उडवून घेऊन परत आला, ती गोष्ट वेगळी.) हे असं ऐनवेळी कुणाला सुचत नाही, दिशा. रोज सकाळी पाय आणि वांगं, पाय आणि वांगं करून जिचे कान-डोळे खोटं बोलायचं विसरलेत, तिलाच ते जमतं. सगळे हसत होते तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू बोलू दिलं नाहीस.

आता खरं कारण सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. बोरिवलीनंतर तू मैदानावर गेली नाहीस, पण मी खेळ सोडला नाही. दुपारी भजनाला जाते म्हणून सांगते ना, ते सगळं खोटं. मी घाटकोपरला रतनकाकांच्या घरी स्कोअरिंग शिकते. येत्या शनिवारी, तुझ्या मॅचच्या शेवटच्या दिवशी, वांद्र्याला माझी स्कोअररची परीक्षा आहे. सर्वेशला माहीत नाही. तिथे सगळी कॉलेजातली पोरं असणार आणि मध्ये मी, चष्मा लावून. नापास झाले तर तू आणि मी दोघीच हसू. पण पहिल्याच दिवशी रतनकाकांनी मला एक गोष्ट सांगितली, ती तुला पाठ असणार, मला नवी होती. अंपायरने खूण केली की स्कोअररने टेबलावरून हात वर करून उत्तर द्यायचं. ते उत्तर दिसेपर्यंत अंपायर तशीच उभी राहते, खेळ पुढे सरकत नाही. बोरिवलीला तू खांद्यांवर हात ठेवून त्या सगळ्या गोंगाटात उभी होतीस, तेव्हा रतनकाकांनी हात वर केला होता. मला वाटलं, माशी हाकलतायत. दिशा, तो हात मला वर करायचाय. कुठल्याही मैदानावर असू दे, पोरासोरांची मॅच असू दे, तू मध्ये उभी राहून खूण करशील आणि मी टेबलावरून हात वर करीन, की हो गं बाय, बघितलं मी, लिहिलं. त्यासाठी मी या वयात परीक्षेला बसतेय. आता तूच मैदानात नसलीस, तर मी हात वर करून कुणाला दाखवू? जा, टॉसची वेळ झाली.

तुझीच,
आई
(सुलक्षणा)