सहाव्या दिवसाचा डाग

प्रिय भाचेबुवा,

तुझी मामी तुला याच नावाने चिडवायची, म्हणून तेच लिहिलं. तिला जाऊन आज पाच आठवडे झाले. कपाट आवरलं. एकाच नंबरचे दोन चष्मे निघाले. पहिला हरवला म्हणून मी दुसरा करून आणला होता, आणि रंग आवडला नाही म्हणून आठ दिवस बोलणी खाल्ली होती.

परवा ताईचा फोन आला. तू अजून रजेवरच आहेस आणि सर्जरी सोडायची म्हणतोस, असं ती म्हणाली. हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये तू उभा राहून सांगितलंस म्हणे, की पोट मी शिवलं, चूक माझी.

मी जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे मापाचं बोलणं मला कळतं. मामीचं आतडं फुटलं त्या दिवशी ऑपरेशनला तुमचे मोठे सर आणि तू, दोघेच होतात. आतलं काम सरांनी केलं आणि पोट बंद करायला तुला सांगितलं. नंतर व्हरांड्यात तू मला समजावलंस, की जखम वीस सेंटिमीटरची, तर धागा तिच्या चौपट तरी लागलाच पाहिजे. टाके छोटे, जवळजवळ घ्यायचे आणि फार आवळायचे नाहीत, नाहीतर कडा कापल्या जातात. उरलेला धागा तू मोजलाही होतास. मामीला हे सांगितलं तर म्हणाली, शिंप्यानेसुद्धा माझं इतकं माप कधी घेतलं नाही.

तू आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्यास. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, आणि पट्टीवर गुलाबी पाणी दिसलं तर ताबडतोब सांगायचं, कारण आतली शिवण सुटत असू शकते. उशी आम्ही नेमाने धरली.

सहाव्या दिवशी सकाळी पट्टीवर बशीएवढा गुलाबी, ओला डाग होता. मी बेल दाबायला वळलो, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "थांबा. टाके त्याचे आहेत. सर त्याला चारचौघांत बोलतील. दुपारपर्यंत सुकेल." मी डागावर रुमालाची घडी ठेवली आणि चादर वर ओढली. दहाला तू आलास. पट्टी बघू का म्हणालास. ती म्हणाली, आत्ताच सिस्टरने बदलली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली.

संध्याकाळी खोकल्याबरोबर जखम उघडली. पुढचं तुला माहीत आहे.

पाच आठवडे मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. काल सरांना भेटून सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्यांदा ऑपरेशनला घेऊन आत पाहिलं तेव्हा धागा अखंड होता, गाठीही जागेवर होत्या. आतल्या पुवाने कडाच मऊ पडून फाटल्या होत्या. सकाळीच कळलं असतं तर ती वाचली असती का, हे त्यांना सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

तुला हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. सोमवारी कामावर जा. आणि यापुढे पेशंटच्या नवऱ्याने मान हलवली, तरी चादर बाजूला करून पट्टी स्वतः बघत जा.

तुझाच,
मामा