खोल बाजूची साक्ष

प्रिय आमोद,

हे पत्र तुला असलं, तरी त्यातली तक्रार आपल्या टँकवर पोहायला शिकलेल्या प्रत्येकाची आहे. समितीनं खोल बाजू बुजवायचं ठरवलंय. सगळा टँक चार फुटांचा करायचा, म्हणजे कोणी बुडायचा प्रश्नच उरणार नाही. पोहण्याचाही उरणार नाही, असं मी बैठकीत म्हटलं, तर अध्यक्ष रावसाहेब म्हणाले, "पद्मजाताई, व्याख्यानमाला मे महिन्यात असते." लोक हसले. मीही हसले, पण खाली बसले नाही.

तू फोन उचलत नाहीस. वाघोलीला तुझ्या खोलीवर जाऊन दार वाजवावं, असं तुझ्या आईचं म्हणणं. मी तिला थांबवलं. तू दार उघडशील आणि तोंड बंद ठेवशील. त्यापेक्षा आत्याचं पत्र बरं, त्याला मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

स्पर्धेतला तुमचा वॉटरपोलोचा तो सामना आम्ही वारज्याला माझ्याकडे टीव्हीवर पाहिला. त्या टोप्या घातल्या की तुम्ही सगळे एकसारखे दिसता. तुझी आई बराच वेळ भलत्याच मुलाला ओवाळल्यासारखं बघत होती. आशियातल्या संघांत आपला संघ इतका पुढे जाईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. गोल बरोबरीत, शेवटचं मिनिट, आणि आपल्या गोलसमोरचा त्यांचा तो धिप्पाड गडी अडवायचं काम तुझ्याकडे. समालोचक काय बोलत होता कोण जाणे, मी फक्त तुझा खांदा बघत होते. तो एकदम खाली गेला, पाणी तुझ्या नाकापर्यंत आलं, आणि तेवढ्यात त्या गड्यानं वळून गोल मारला.

पायात गोळा आला, असं तू सगळ्यांना सांगितलंस. तुझी आई तेव्हापासून तिळाचं तेल घेऊन तुझी वाट पाहतेय. शेजारचे गोपाळकृष्ण रोज एक केळं खायचा निरोप देतात, जणू त्या गोलाला केळ्यानं अडवता आलं असतं.

गोळा आलेला माणूस कळवळतो, बाळा. तू कळवळला नाहीस, तू चकित झालास. तुझा पाय फरशी शोधत होता आणि फरशी तिथं नव्हती.

आपल्याकडे एक गोल उथळ बाजूला बांधलेला. गोलकीपर सोडून कोणी तळाला पाय लावायचा नाही, हा खेळाचा नियम. आणि उथळ बाजूला पायाचा अंगठा टेकवला तर कोणी बोलायचं नाही, हा तुम्हा पोरांचा. दुसरं करणार काय, तिथं पाय मारावा तर गुडघे घासतात. शरच्चंद्र सर काठावरून ओरडायचे, "आमोदराव, खेळताय की रेशनच्या रांगेत उभे आहात?" तुम्ही हसत पाय उचलायचात आणि सरांची पाठ वळली की परत टेकवायचात. खोल बाजू कायम शिकाऊ बॅचच्या उड्यांसाठी राखलेली, तुमच्या वाट्याला यायची ती उरलीसुरली. माणूस पूर्ण दमला की त्याला नियम आठवत नाही, शरीराची सवय तेवढी आठवते. परदेशातल्या त्या टँकमध्ये तुझ्या पायाखाली पुरुषभर पाणी होतं. यात तुझी लाज काढावी असं मला काही सापडलं नाही, आणि माझी जीभ तुला माहीत आहे.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. तुला तरी कशाला सांगितलं असतं? तुझं दुःख तुझ्या गतीनं निवू दिलं असतं. पण परवाच्या बैठकीत मी खोल पाण्यासाठी जिवाच्या आकांतानं बोलले आणि रावसाहेबांनी सावकाश चष्मा पुसत उत्तर दिलं, "अहो ताई, आपला आमोद याच उथळ बाजूला खेळून भारताच्या संघात गेला की. बिचाऱ्याच्या पायात गोळा आला, नाहीतर जिंकून आला असता. खोल पाणी हवंय कशाला?" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुझ्यावर जीव असलेली माणसं होती. मी जन्मभर सभा गाजवत आले, कधी शब्दाला अडले नाही. त्या दिवशी उत्तर जिभेवर होतं आणि ते बोलायचा हक्क मला नव्हता. खोल बाजू बुजली, तर पुढची पोरं पहिल्यापासून फरशीवर उभी राहून हा खेळ शिकतील, आणि ते तुझं नाव सांगून केलेलं असेल. रविवारी सकाळी दहाला टँकच्या हॉलमध्ये सर्व सभासदांची सभा आहे, मतदान तिथंच होईल. मी भाषण करणार नाही. तू ये, उभा राहा, आणि शेवटच्या मिनिटाला खरं काय झालं ते त्यांना तुझ्या तोंडानं सांग.

तुझीच,
पद्माआत्या